आवाजाचा सातबारा

मागच्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी जालन्याला गेलो होतो. घरच्या लग्नात माझी कामं ठरलेली असतात. पाहुण्यांना बसस्टँडवरून आणायचं, आईच्या पिशव्या सांभाळायच्या आणि 'पुण्यात फ्लॅट घेतला का' या प्रश्नाला दर दहा मिनिटांनी हसून उत्तर द्यायचं. यावेळी मात्र लग्नाच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता मी मंगल कार्यालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. शेजारी मामा. मामांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हाही बघितलं नव्हतं.

मामांचा मंडप आणि साउंडचा धंदा. चाळीस वर्षं झाली. कर्ण्यांच्या जमान्यापासून. लहानपणी सुट्टीत गेलो की मी त्यांच्या गोडाऊनमध्ये वायरींच्या भेंडोळ्यांवर बसून असायचो. कुठल्या कर्ण्याचं युनिट उडालंय हे ते नुसतं कान लावून सांगत. मी इंजिनिअर झालो त्याला कारण ते गोडाऊन आहे, कॉलेज नाही.

तर झालं असं. कार्यालय नवीन. मालकाने हौसेने 'नेटवर्कवाली' साउंड सिस्टीम बसवून घेतलेली. मोठा हॉल, भोजनगृह, लॉन आणि प्रवेशद्वार मिळून सहा अँप्लिफायर, मध्ये एक डिजिटल मिक्सर, आणि सगळं एका नेटवर्क स्विचला जोडलेलं. ठेकेदार बाहेरगावचा. काम करून, बिल घेऊन गेलेला. कार्यक्रमाच्या दिवशी सिस्टीम चालवायचं काम मामांकडे.

संध्याकाळी सीमांतपूजनाला आवाज सुरू झाला, छान होता, आणि काही मिनिटांत हॉल, भोजनगृह, लॉन एकदम मुकं. स्टेजवरचे दोन स्पीकर तेवढे चालू, कारण ते मिक्सरला थेट वायरने जोडलेले. स्विच बंद करून चालू केला की पुन्हा सगळं सुरू. पुन्हा काही मिनिटांनी बंद. गुरुजींनी शेवटी आपला स्वतःचा आवाज वापरला. मालक लोकांसमोर मामांना म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी पुण्याहून माणूस बोलावतो."

मामा मला म्हणाले, "अरे, वायर तुटली तर दिसती. भोंगा जळला तर वास येतो. ह्यात काय झालंय तेच दिसंना. आणि उद्या मी काही मिक्सरवर नसणार बाबा."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नवरीचे मामा ते. मंगलाष्टका चालू असताना त्यांची जागा नवरीच्या मागे. मिक्सरपाशी नाही.

आता जरा तांत्रिक बोलू. घाबरू नका, सोपं आहे.

जुन्या पद्धतीत आवाज म्हणजे वायरीतून जाणारी वीज. एका आवाजाला एक जोडी वायर. जिकडे वायर गेली तिकडे आवाज गेला, पत्त्याचा प्रश्नच नाही. नेटवर्कमध्ये तसं नसतं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना २४ बिटांचा. म्हणजे एका चॅनलला सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट. बत्तीस चॅनल घेतले तरी पावणेचार कोटींच्या आतच. साधा गिगाबिट स्विच सेकंदाला १०० कोटी बिट वाहतो. म्हणजे मनगटाएवढ्या जाड मल्टिकोअर केबलचं काम एक करंगळीएवढी वायर करते. हा फायदा खराच आहे, त्यात खोट नाही.

पण त्या एकाच वायरीत सगळ्यांचं सामान एकत्र चाललेलं असतं. त्यामुळे प्रत्येक पुडक्यावर पत्ता लागतो. एईएस ६७ हे या क्षेत्रातलं २०१३ चं सर्वमान्य प्रमाण. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत दर मिलिसेकंदाला एक पुडकं निघतं. आत एका चॅनलचे ४८ नमुने, म्हणजे १४४ बाइट आवाज, आणि त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ वगैरे मिळून ४० बाइटची चिठ्ठी. सेकंदाला अशी हजार पुडकी.

यातलं एखादं हरवलं तर? आपण वेबसाइट उघडतो तेव्हा टीसीपी असतं. हरवलेलं पुडकं पुन्हा मागवून घेतं. आवाजात हे चालत नाही. भजनात एका टाळकऱ्याचा ठेका चुकला तर तो मागे जाऊन चुकलेला ठेका वाजवत नाही, पुढच्या समेला येऊन मिळतो. उशिरा आलेला आवाज हा आवाज नसतोच. म्हणून इथे यूडीपी वापरतात. पाठवलं, विसरलं. क्रम आणि वेळ कळावी म्हणून त्यावर आरटीपीचे शिक्के. आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली राहावीत म्हणून पीटीपी नावाची वेगळी व्यवस्था, कारण दोन नमुन्यांत अंतर जेमतेम २१ मायक्रोसेकंदांचं.

आता मुख्य प्रश्न, पुडकं पाठवायचं कुणाला?

तीन रीती आहेत, आणि तिन्ही आपल्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पहिली म्हणजे निरोप. एकाने एकाला. सहा जणांना कळवायचं तर सहा निरोपे. याला युनिकास्ट म्हणतात. दुसरी दवंडी. ज्याला ऐकायचं आहे त्यालाही आणि ज्याला नाही त्यालाही. हे ब्रॉडकास्ट. तिसरी मल्टिकास्ट. तिला मी दुधाचा रतीब म्हणतो. दूध निघतं एकाच गोठ्यातून, पण जातं फक्त ज्यांनी रतीब लावलाय त्यांच्याच दारी.

मल्टिकास्टची कल्पना स्टीव्ह डिअरिंग या संशोधकाने मांडली, आणि १९८९ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की तिचा पहिला गाजलेला प्रयोग आवाजाचाच होता. मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफची बैठक अमेरिकेत सॅन डिएगोला भरली. तिचा आवाज तीन खंडांतल्या वीस ठिकाणी थेट ऐकवला गेला. त्यासाठी खास पत्ते राखून ठेवलेले आहेत, २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे. त्यातले २३९ वाले संस्थेच्या आतल्या वापरासाठी. हे पत्ते कुठल्या यंत्राचे नसतात, ते रतिबाचे असतात. मिक्सर आवाज त्या पत्त्यावर सोडतो आणि ज्याला हवा तो अँप्लिफायर स्विचला सांगतो, 'मला हा रतीब लाव'.

आणि नेमकं इथेच आमचं घोडं अडलं होतं.

मी मोबाइलवर वेळ लावली. स्विच चालू केल्यापासून ४ मिनिटं २० सेकंदांनी आवाज बंद. दुसऱ्यांदा तेवढाच. तिसऱ्यांदाही तेवढाच. नेटवर्कमध्ये काम केलेल्या माणसाला हा आकडा म्हणजे ओळखीचा चेहरा. २६० सेकंद. रतीब लावल्यावर तो चालू ठेवायचा का, हे कुणीतरी मधून मधून विचारावं लागतं. नियमात ठरलेलं आहे की दर १२५ सेकंदांनी विचारायचं. दोनदा विचारण्याएवढा वेळ आणि वर दहा सेकंद वाट बघूनही उत्तर आलं नाही, तर गिऱ्हाईक गाव सोडून गेलं असं समजून रतीब बंद. दोनदा १२५ आणि वर १०. २६०.

आमच्या स्विचमध्ये रतिबाची वही ठेवणं चालू होतं, पण 'चालू ठेवायचा का' हे विचारणारा कुणीच नव्हता. अँप्लिफायर बिचारे तयार होते, पण कुणी विचारलंच नाही तर ते काय बोलणार? स्विचने इमानदारीत सगळ्यांचा रतीब बंद केला. कुणाचंही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

(नंतर कळलं, की उद्घाटनाच्या दिवशी ठेकेदाराचा स्वतःचा राउटर जोडलेला होता आणि तो हे विचारायचं काम करत होता. काम संपल्यावर त्याने आपला राउटर काढून नेला. त्यात गैर काही नाही. फक्त हे त्याने कुणाला सांगितलं नाही.)

दोष कळला. दुरुस्ती म्हणजे स्विचमध्ये जाऊन एक सेटिंग चालू करायचं, दोन मिनिटांचं काम. पण स्विचला पासवर्ड. तो मालकाकडे नाही. ठेकेदाराचा फोन बंद. रॅकच्या दारावर ना यादी, ना नकाशा. सहा अँप्लिफायर कुठल्या पत्त्यावर बसलेत याचा एक कागदाचा कपटा नाही.

शेवटी मामांनी एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला झोपेतून उठवून साधा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणला. साधा स्विच रतीब वगैरे जाणत नाही, तो सगळ्यांना दवंडीच देतो. सहा अँप्लिफायरांसाठी ती चालून जाते. आवाज सुरू झाला. चार-वीस उलटले, पाच मिनिटं झाली, सहा झाली. हुश्श.

लगेच फोटोग्राफरचा पोरगा धावत आला. "दादा, वायफाय मेलं." उद्या लग्न यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं होतं, अमेरिकेतल्या आत्यासाठी. तेही बरोबरच होतं. दवंडी वायफायच्या राउटरकडेही जात होती, आणि बहुतेक वायफाय राउटर अशी सगळ्यांसाठीची पुडकी आपल्या सर्वांत मंद वेगाने पाठवतात, म्हणजे लांबच्यालाही ऐकू जावं. हजार पुडकी सेकंदाला, तीही मंद वेगाने. हवेत दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. मग राउटर त्या स्विचवरून काढून इंटरनेटच्या वायरीवर वेगळा लावला.

खात्रीसाठी सगळं बंद करून परत चालू केलं, तर लॉनचे दोन अँप्लिफायर मिक्सरच्या सॉफ्टवेअरला दिसेनात. चार जणांना हाताने पक्के पत्ते दिलेले, १९२.१६८.१ च्या वस्तीत. उरलेले दोन 'ऑटोमॅटिक'वर. आतापर्यंत त्यांना राउटर पत्ता देत होता. राउटर गेला, पत्ता देणारं कुणी उरलं नाही, तर त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःच १६९.२५४ च्या वस्तीतले पत्ते घेतले. एकाच वायरीवर दोन गावं, आणि वेशीवर रस्ता नाही. माझ्या लॅपटॉपला तात्पुरतं त्या दुसऱ्या गावचं रहिवासी केलं, दोघांना शोधलं, पक्के पत्ते दिले. दीड वाजला.

'स्वतःच पत्ता घेणे' ही पद्धत वाईट नाही, बरं का. छोट्या, बंद सिस्टीममध्ये सगळेच ऑटोमॅटिकवर असतील तर ते उत्तम चालतं. सगळे पक्क्या पत्त्यांवर असतील तरी उत्तम. त्रास होतो तो अर्धे इकडे अर्धे तिकडे असताना. आणि ते तसे आहेत हे कुठे लिहिलेलं नसतं, तेव्हा जास्त.

आता माझं मत. इतकं रामायण त्यासाठीच सांगितलं.

आपल्याकडे शेताचा तुकडा कितीही लहान असो, त्याचा सातबारा असतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पेरलंय. शाळा न शिकलेला माणूसही सातबारा मागतो, कारण त्याला माहीत असतं की कागद नाही तर जमीन नाही. मग लाखो रुपये घालून बसवलेल्या आवाजाच्या सिस्टीमचा सातबारा कुणी का मागत नाही?

सातचा भाग म्हणजे कुठलं यंत्र, कुठे बसवलंय, त्याचा आयपी पत्ता काय, तो पक्का की आपोआप घेतलेला, ते स्विचच्या कितव्या पोर्टात आहे. बाराचा भाग म्हणजे कुठला आवाज कुठल्या मल्टिकास्ट पत्त्यावर चाललाय, कोण पाठवतं, कोण ऐकतं, घड्याळ कुणाचं, आणि रतीब चालू ठेवायचा का हे विचारणारा कोण. खाली पासवर्ड, बंद पाकिटात, मालकाच्या कपाटात. एवढंच. एक कागद, दोन्ही बाजूंनी. मराठीत, म्हणजे चालवणाऱ्याला वाचता येईल असा.

ठेकेदार मंडळी म्हणतात, पासवर्ड दिला की लोक उचापती करतात आणि खापर आमच्यावर. हे मला मान्य आहे, मीही सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीतच काम करतो. पण यावर उपाय पाकिटाला सील लावणं हा आहे. पाकीटच न देणं हा नाही. कागद न ठेवण्याने उचापती थांबत नाहीत. रात्री साडेअकराला कुणाचा तरी भाचा साधा स्विच आणून लावतो, एवढंच होतं. :-)

दुसरा आक्षेप मामांचाच. "मग ही भानगड करायचीच काहून? आपली वायर काय वाईट होती?" एका हॉलला, एका माइकला वायरच चांगली. १०० व्होल्टच्या लाइनवर वर्षानुवर्षं शाळा आणि स्टेशनं बोलत आली आहेत. जिथे एकच आवाज सगळीकडे जायचा तिथे नेटवर्क ही उधळपट्टी आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पण जिथे चार जागी चार वेगळे आवाज हवेत, तिथे फरक पडतो. लॉनवर दोन राक्षसी पेट्या ठेवून अख्ख्या कॉलनीला मंगलाष्टका ऐकवण्यापेक्षा दहा छोटे स्पीकर बारीक आवाजात लावता येतात, आणि रात्री लॉन बंद करून फक्त हॉल चालू ठेवता येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर एरवी बंदिस्त जागेतच चालतो. हे पाळायचं तर आवाजाला पत्ता हवाच. दवंडीवर हे जमत नाही.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. मामांना आवाज कळतो. माझ्यापेक्षा शंभरपट कळतो. त्या रात्री त्यांना येत नव्हतं ते ध्वनिशास्त्र नव्हतं, ती फक्त पत्त्यांची यादी होती. आणि ती त्यांना येत नव्हती कारण कुणी दिलीच नव्हती. चाळीस वर्षांचा कारागीर एका संध्याकाळी 'जमत नाही' या सदरात गेला, ते एका कागदाच्या अभावी. निरोप, दवंडी आणि रतीब हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत उलट प्रश्न विचारला, "मग दूधवाला एकाच गल्लीत दोन असले तर?" एका नेटवर्कमध्ये विचारणारे दोन झाले तर काय, हा तो प्रश्न. (ज्याचा आयपी पत्ता लहान तो विचारतो, दुसरा गप्प बसतो.) आमच्या ऑफिसात हा प्रश्न विचारायला लोकांना दोन वर्षं लागतात.

आपण शहरात बसून म्हणतो, गावाकडे 'स्किल' नाही. स्किल आहे हो. आपण ज्ञान इंग्रजीच्या आणि पासवर्डच्या कुलपात ठेवतो, आणि मग किल्लीचे पैसे वेगळे घेतो.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त बारा-सत्तावीसचा. मामा नवी टोपी घालून नवरीच्या मागे उभे, मी मिक्सरपाशी. मंगलाष्टका चौदा मिनिटं चालल्या (एका काकांनी स्वतः रचलेल्या होत्या, त्यांना आवरणार कोण). चार-वीसला मामांनी अक्षता हातात धरूनच माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाखवला. लॉनवरच्या मंडळींनाही 'सावधान' नीट ऐकू गेलं.

निघण्याआधी त्यांच्याबरोबर बसून सातबारा लिहून काढला. मी सांगत होतो, ते लिहीत होते, अक्षर त्यांचं. पत्ते १०.२०.३० च्या वस्तीत हलवले, कारण बाजारातले निम्मे राउटर १९२.१६८.१ वरच बसलेले असतात. उद्या कुणी आपला राउटर आणून खुपसला की एकाच घरावर दोन पाट्या. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचा फोन लागला, पासवर्ड मिळाला. तो जुना स्विच परत जोडून 'विचारणारा' मामांनीच चालू केला, मी फक्त फोनवर होतो. कागद लॅमिनेट होऊन रॅकच्या दाराला आतून चिकटलाय.

तर मंडळी, पुढच्या वेळी गावी गेलात की आपल्या शाळेत, देवळात, ग्रामपंचायतीत, ओळखीच्या कार्यालयात असा रॅक दिसला तर एक कागद मागून बघा. नसेल तर तासभर बसा आणि चालवणाऱ्या माणसाच्या हातून लिहून घ्या. स्वतः लिहू नका, त्याच्याच हातून.

परवा मामांचा फोन आला होता. तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या एका कार्यालयाने बोलावलंय. "सिस्टीम चांगली आहे म्हणतात, पण सातबारा काढून पायजेल." मी विचारलं, येऊ का? म्हणाले, "नको. अडलं तर फोन करतो."